डबा फेकू नका: बंदी आलेली वजनाची औषधं, हृदय आणि भरपाईचा कायदा

काकूंनी डबा काउंटरवर ठेवला आणि आधी मागं वळून पाहिलं, दुकानात ओळखीचं कुणी आहे का ते. मग हळूच म्हणाल्या, "दादा, हे काय हाय जरा बघा की. पोरीला झोप येईना गेली. छातीत धडधड करायलंय म्हनती."

उदगीरला माझं मेडिकल आहे, २२ वर्षं झाली. असे डबे मी बरेच पाहिलेत. हा पांढऱ्या प्लास्टिकचा होता. स्टिकरवर टेपनं कंबर मोजणाऱ्या बाईचा फोटो, शेजारी "१०० टक्के आयुर्वेदिक", "३० दिवसांत १० किलो", "साइड इफेक्ट नाही". मी डबा उलटा केला, बूड पाहिलं, झाकण आतून पाहिलं. बॅच नंबर नाही. कुणी बनवलं, कुठं बनवलं, काही नाही. लायसन्स नंबर नाही. एक्स्पायरीची तारीख मात्र ठळक. आत नारिंगी-पांढऱ्या कॅप्सूल, निम्म्याहून जास्त संपलेल्या. मुलीचं लग्न जमवायचं चाललंय, बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी "पोरगी अंगानं जरा जास्तच हाय" म्हणून गेलं. मग गल्लीतल्या ओळखीच्या एका बाईनं हा डबा आणून दिला. ३,५०० रुपये.

त्या कॅप्सूलमध्ये काय होतं ते नुसतं बघून मला सांगता येत नव्हतं, आणि कुणालाच सांगता येणार नाही. ते प्रयोगशाळेचं काम. पण झोप उडणं, तोंडाला कोरड, पोट साफ न होणं आणि नाडी जोरात चालणं, ही चार लक्षणं एकत्र ऐकली की माझ्या वयाच्या औषधवाल्याला एक नाव आठवतंच: सिब्युट्रामिन. हे औषध भारतात २०११ साली बंद झालं. आणि 'नैसर्गिक', 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूल तपासताना अमेरिकेच्या औषध प्रशासनाला बंदीनंतरही जे पुन्हापुन्हा सापडत आलं, तेही हेच.

मी काकूंना तीन गोष्टी सांगितल्या. कॅप्सूल आजपासून बंद. पोरीला आजच डॉक्टरकडं न्या आणि डबा त्यांना दाखवा. आणि डबा फेकू नका. तिसऱ्या गोष्टीवर त्या थांबल्या. "आन् काही झालं तर कुनाला धरायचं?" हा सगळा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. काउंटरवर उभ्याउभ्या ते पुरतं देता आलं नाही.

औषध 'बंद झालं' म्हणजे काय

आपल्याकडं "ते औषध बंद झालं" हे एकच वाक्य तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. कधी एखाद्या बॅचमध्ये खोट निघते आणि तेवढीच बॅच परत मागवतात. औषध चांगलंच असतं, त्या खेपेचं काहीतरी बिघडलेलं असतं. कधी कंपनी स्वतः औषध मागं घेते, बहुतेक वेळा सरकारी यंत्रणेनं तशी सूचना केल्यावर. आणि कधी सरकार बंदी घालतं. भारतात ही बंदी औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायदा, १९४० च्या कलम २६अ खाली राजपत्रात अधिसूचना काढून येते. त्या दिवसापासून ते औषध बनवणं, विकणं, वाटणं गुन्हा.

वजनाच्या औषधांची आपल्याकडची यादी अशी: फेनफ्लुरामिन आणि डेक्सफेनफ्लुरामिन १९९८ मध्ये, रिमोनाबंट २००९ मध्ये, सिब्युट्रामिन २०११ मध्ये. फेनिलप्रोपॅनोलामिन या सर्दीच्या गोळ्यांत असणाऱ्या औषधावरही २०११ मध्येच बंदी आली. परदेशात ते भूक मारायला विकलं जायचं आणि त्यामुळं मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका दिसला होता.

एक लक्षात घ्या. कलम २६अ विक्री थांबवतं. ज्यांनी ते औषध आधी खाल्लंय त्यांचं काय, हे त्यात नाही. भरपाईचा रस्ता वेगळा आहे आणि तो ज्याचा त्यानं चालायचा असतो.

हृदयाच्या झडपा आणि २४ बायका

वजनाच्या औषधांवरचा सगळ्यात मोठा खटला समजून घ्यायचा तर १९९० च्या दशकातल्या अमेरिकेत जावं लागतं. तिथं दोन जुनी औषधं एकत्र द्यायची पद्धत पडली, फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन. जोडीला नाव पडलं 'फेन-फेन'. दोन्ही औषधांना वेगवेगळी मंजुरी होती. एकत्र द्यायला कधीच नव्हती. १९९२ साली १२१ रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला, वजन उतरतं असं त्यात दिसलं, आणि वजनाची खास क्लिनिकं गल्लोगल्ली उघडली. सुमारे ६० लाख अमेरिकनांनी ही औषधं घेतली असा अंदाज सांगतात. १९९६ मध्ये डेक्सफेनफ्लुरामिन हे फेनफ्लुरामिनचं भावंडही 'रिडक्स' नावानं बाजारात आलं.

धोका आधी कुणाच्या लक्षात आला? नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो शहरात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईंच्या. तरण्या बायकांच्या हृदयाच्या झडपा खराब दिसायल्या होत्या आणि त्यांच्यात एकच गोष्ट समान होती, ही औषधं. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी मग अशा २४ बायका अभ्यासल्या. सरासरी वय चव्वेचाळीसच्या आसपास. आठ जणींच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेला होता आणि पाच जणींचं हृदयाचं ऑपरेशन करावं लागलं होतं. हे निष्कर्ष जुलै १९९७ मध्ये जाहीर झाले. त्यानंतर पाच ठिकाणच्या २९१ रुग्णांचे इको पाहिले तर जवळपास तिसऱ्या हिश्श्यात दोष. त्यातल्या अनेकांना काहीच त्रास जाणवत नव्हता. १५ सप्टेंबर १९९७ ला फेनफ्लुरामिन आणि डेक्सफेनफ्लुरामिन ही दोन्ही औषधं मागं घेतली गेली.

भुकेच्या औषधाचा आणि हृदयाचा काय संबंध? हे सोपं आहे, फक्त एक पायरी समजून घ्यावी लागते. सेरोटोनिन नावाचं रसायन मेंदूत "पोट भरलं" असा निरोप पोचवतं. फेनफ्लुरामिन त्याचं प्रमाण वाढवतं, म्हणून भूक मरते. पण निरोप घ्यायला दार लागतं, आणि सेरोटोनिनची दारं फक्त मेंदूत नसतात. त्यातलं एक हृदयाच्या झडपांच्या पेशींवर असतं. फेनफ्लुरामिन शरीरात मोडून जो पदार्थ तयार होतो, नॉरफेनफ्लुरामिन, तो नेमकं हे दार ठोठावत राहतो. पेशींना वाटतं, वाढायचा हुकूम आला. त्या वाढतात, झडपेवर पांढरट, चिवट थर चढतो. झडप म्हणजे मोटारीच्या पंपाचा वॉल्व्ह समजा. वॉल्व्ह नीट बसला नाही की उपसलेलं पाणी परत विहिरीत उतरतं. तसं रक्त मागं गळतं, आणि तेवढंच काम उरकायला हृदयाला दुप्पट राबावं लागतं.

दुसरा आजार याहून वाईट: फुप्फुसाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसणं, ज्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. जिना चढताना दम लागणं, पायांवर सूज, कधी चक्कर. बाई म्हणते "वजनानंच दम लागतोय", घरचेही तेच म्हणतात, आणि ती आणखी एक गोळी घेते. या आजारात हेच सगळ्यात घातक. झडपांचा दोष बऱ्याच जणांत औषध थांबवल्यावर तिथंच थांबला, काहींत सुधारलाही. फुप्फुसाच्या रक्तदाबाचं तसं नाही.

याच गोष्टीतला पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. फेनफ्लुरामिन २०२० मध्ये अमेरिकेत परत आलं. लहान मुलांना होणाऱ्या ड्रावे सिंड्रोम नावाच्या फिट्सच्या दुर्मिळ, भयानक आजारासाठी. डोस कमी, सुरू करण्याआधी इको, चालू असताना दर सहा महिन्यांनी इको, बंद केल्यावरही एकदा इको. औषध तेच. पण लेकराचा जीव फिट्सनं धोक्यात असताना जो धोका पत्करणं योग्य ठरतं, तो लग्नाआधी आठ किलो उतरवायला पत्करणं योग्य नाही. एखादं औषध "चांगलं की वाईट" हा प्रश्नच अपुरा आहे. कुणासाठी, कशासाठी, कुणाच्या नजरेखाली, हे विचारावं लागतं.

कंपनीनं पैसे दिले, पण ते कसे

फेन-फेनमधलं फेनफ्लुरामिन विकणारी कंपनी अमेरिकन होम प्रॉडक्ट्स, पुढं तिचं नाव वायेथ झालं. १९९९ मध्ये तिनं देशभरातल्या रुग्णांशी ३७५ कोटी डॉलरची तडजोड केली. हा समूह दावा होता, म्हणजे सारखीच तक्रार असलेल्या सगळ्यांच्या वतीनं एकच दावा. त्यातून बाहेर राहून हजारो लोकांनी स्वतंत्र दावेही लावले आणि कंपनीला एकूण २,१०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम या भानगडीसाठी बाजूला काढावी लागली.

पैसे वाटायचे कसे, तर तक्ता केला होता. किती महिने औषध घेतलं, वय किती, इकोमध्ये कोणत्या झडपेतून किती गळती, ऑपरेशन झालं का. तक्त्यात जिथं बसाल तेवढी रक्कम. म्हणजे सगळा दावा दोन कागदांवर: औषध घेतल्याचा पुरावा आणि इकोचा रिपोर्ट. म्हणूनच इकोच्या रिपोर्टांत लबाड्याही झाल्या, नसलेली गळती दाखवणारे दावे निघाले, आणि खऱ्या रुग्णांना त्यामुळं वाट पाहावी लागली.

केंटकी राज्यातलं प्रकरण तर वाचवत नाही. तिथल्या चारशेहून जास्त रुग्णांसाठी २० कोटी डॉलरची तडजोड झाली आणि त्यांच्याच दोन वकिलांनी त्यातला मोठा वाटा हडप केला. २००९ मध्ये दोघं दोषी ठरले, तुरुंगात गेले. हे एवढ्यासाठी सांगतो की आपल्याकडंही "तुमची केस लढतो, आधी कोऱ्या कागदावर सही द्या" म्हणणारे भेटतात. सही करण्याआधी फी किती, तडजोडीतला वाटा किती, हे मराठीत लिहून घ्या.

फ्रान्समध्ये हीच गोष्ट उशिरा आणि जास्त कडवट झाली. सर्व्हिए कंपनीचं 'मीडियाटोर' नावाचं औषध मधुमेहींसाठी म्हणून १९७६ पासून विकलं जायचं, पण भूक मारायला सर्रास दिलं जायचं. त्याचा घटक बेनफ्लुओरेक्स शरीरात मोडला की तेच नॉरफेनफ्लुरामिन तयार होतं. फेनफ्लुरामिनही मूळ याच कंपनीचं. अमेरिकेत १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन गेलं, मीडियाटोर फ्रान्समध्ये २००९ पर्यंत चालू राहिलं. सुमारे ५० लाख लोकांनी ते घेतलं. ब्रेस्त शहरातल्या फुप्फुसतज्ज्ञ डॉक्टर इरेन फ्राशों यांनी एकेक रुग्ण मोजत, जुनी कागदपत्रं उकरत प्रकरण बाहेर काढलं. २०२१ मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं कंपनीला फसवणूक आणि निष्काळजीपणानं मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी धरलं, औषध नियामक संस्थेलाही दंड केला. २०२३ च्या अपिलात शिक्षा वाढली आणि आरोग्य विम्याच्या यंत्रणांना सुमारे ४१.५ कोटी युरो परत करायचा हुकूम झाला. एका जिल्ह्याच्या गावातल्या डॉक्टरनं नीट ठेवलेल्या केसपेपरांचं हे मोल आहे.

मग सिब्युट्रामिनचे दावे का पडले?

सिब्युट्रामिन हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवतं. ते किती घातक, हे पाहायला 'स्काउट' नावाची मोठी चाचणी झाली: सुमारे १०,००० लोक, वय ५५ च्या पुढं, हृदयविकार किंवा मधुमेह असलेले. खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत १०० पैकी १० जणांना हार्ट अटॅक, लकवा किंवा तत्सम काही झालं. खरी गोळी घेणाऱ्यांत ११.४. या आकड्यांवर २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेतून औषध गेलं, पुढच्या वर्षी भारतातून.

फरक छोटा वाटतो ना? गावजेवणाला १,००० माणसं पंगतीला बसली असं धरा. १०० जणांना तो त्रास औषध न घेताही होणारच होता. औषधानं आणखी १४ जण वाढवले. सरकारच्या दृष्टीनं हे १४ फार मोठे, कारण बदल्यात मिळत काय होतं, तर थोडंसं वजन. म्हणून बंदी बरोबर.

पण आता तुम्ही त्या ११४ पैकी एक आहात आणि न्यायालयात उभे आहात. समोरचा वकील एवढंच विचारतो, "तुम्ही त्या शंभरातले की चौदातले?" याचं उत्तर कोणता रिपोर्ट देणार? साठीतल्या मधुमेही माणसाला अटॅक येणं ही दुर्दैवानं रोजची गोष्ट आहे. चाळिशीतल्या बाईच्या झडपेवर तसला चिवट थर चढणं ही रोजची गोष्ट नाही, तो थर स्वतःच साक्ष देतो. फेन-फेनच्या दाव्यांना अब्जावधी मिळाले यामागं हे एक मोठं कारण. सिब्युट्रामिनचे दावे तर बंदीच्याही आधी, २००४ मध्ये, अमेरिकेतल्या ओहायोच्या संघीय न्यायालयानं फेटाळले आणि २००६ मध्ये अपिलातही तो निकाल टिकला.

म्हणून औषधाच्या कुठल्याही दाव्यात तीन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. या औषधानं असा आजार होऊ शकतो का? तुम्हाला झालेला आजार त्यामुळंच झाला का? आणि धोका माहीत असून कंपनीनं सांगितला नाही का? बंदीची अधिसूचना पहिल्या प्रश्नाला बळ देते. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या फाइलीत असतं. बहुतेक दावे दुसऱ्यावर अडतात.

बाकीच्या दोन औषधांचं थोडक्यात. रिमोनाबंट मेंदूतल्या ज्या दारावर भूक बसते तेच बंद करायचं, पण आनंदाचा रस्ताही तिथूनच जातो. लोक खिन्न झाले, आत्महत्येचे विचार येऊ लागले, आणि २००८ मध्ये युरोपनं विक्री थांबवली. लॉरकासेरिन २०२० मध्ये अमेरिकेतून गेलं, कारण १२,००० लोकांच्या पाच वर्षांच्या चाचणीत कॅन्सरचं प्रमाण ७.१ टक्क्यांच्या जागी ७.७ टक्के दिसलं. आणि ऑनलाइन 'फॅट बर्नर' म्हणून मिळणारी डीएनपी नावाची पिवळी पावडर कुणी जिममध्ये पुढं केली तर हात लावू नका. १९३० च्या दशकात तिनं अमेरिकेत लोकांना मोतीबिंदू झाले, अंग आतून तापून माणसं मेली. तिला उतारा नाही.

सध्या ज्यांचा बोलबाला आहे ती इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड, या यादीतली नाहीत. ती मागं घेतलेली नाहीत, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात आणि योग्य रुग्णाला उपयोगी पडतात. पोटाचं काम मंदावण्याच्या तक्रारीवरून अमेरिकेत त्यांच्यावर दावे चालू आहेत, पण दावा लागणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. माझी काळजी दुसरी आहे. फ्रिजमध्ये ठेवायचं इंजेक्शन कुणी पिशवीतून आणून "डॉक्टरची गरज नाही" म्हणत टोचत असेल, तर तो डब्याचाच प्रकार झाला.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर: कुणाला धरायचं

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'उत्पादन दायित्व' नावाचं एक प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. सदोष वस्तूमुळं शरीराला इजा झाली तर बनवणारा, विकणारा आणि सेवा देणारा यांच्याकडून भरपाई मागता येते. बनवताना चूक झाली, धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही, किंवा "साइड इफेक्ट नाही" अशी छापील हमी दिली आणि ती खोटी निघाली, तर उत्पादक अडकतो. हमीच्या बाबतीत "आमचा निष्काळजीपणा नव्हता" हा बचावही चालत नाही.

आणि उत्पादक कोण तेच डब्यावर नसेल तर? कलम ८६ यासाठीच आहे. उत्पादकाचा पत्ता लागत नसेल तर विकणाऱ्याला त्याच्या जागी उभं राहावं लागतं. म्हणजे गल्लीतली ती ओळखीची बाई. हे ऐकून काकूंचा चेहरा उतरला, कारण ती त्यांच्या भिशीतली आहे. मला तिचंही वाईट वाटतं. तिलाही कुणीतरी कमिशनचं गाजर दाखवून हे डबे दिले असणार, आणि तिनं माल कुठून घेतला ते सांगितलं तर साखळी वर चढते. पण आपण विकतोय ते काय आहे, हे विचारायची जबाबदारी तिचीही होती.

डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधाचं थोडं वेगळं आहे. कंपनीनं डॉक्टरांना धोक्याची नीट कल्पना दिली असेल तर सूचनेच्या मुद्द्यावर ती सुटू शकते, कलम ८७ तसं म्हणतं. मग प्रश्न येतो, डॉक्टरनं ते तुम्हाला सांगितलं का. म्हणून चिठ्ठी जपा. चिठ्ठीशिवाय माझ्यासारख्याकडून मागून नेलेलं औषध दाव्यात तुमच्याच अंगावर येतं. काउंटरवर "द्या की दादा, काही होत नाही" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

तक्रार कुठं करायची? तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. उदगीरच्या माणसासाठी लातूर. कंपनी मुंबईची असो की आणखी कुठली, तिनं इथं यायचं. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग ऐकतो, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. लक्षात घ्या, मोजलेली किंमत, मागितलेली भरपाई नव्हे. ३,५०० च्या डब्याला अर्जाचा एक रुपया लागत नाही. वकील नसला तरी चालतं. ऑनलाइन अर्जाची सोय आहे आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारूनही घेता येतं. मुदत २ वर्षांची. उशिराचं कारण पटलं तर आयोग माफी देऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका.

डब्यात काय आहे हे तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग स्वतः नमुना सील करून प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो, कायद्यात त्यासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. उघडलेल्या डब्यावर समोरचा "यात तुम्हीच काही मिसळलं" म्हणणार, हे धरून चाला. म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातही तक्रार द्या. औषध निरीक्षकानं विकणाऱ्याकडूनच सीलबंद नमुना घेतला तर त्याचं वजन वेगळं. शिवाय लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं हाच औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ खाली गुन्हा आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणा नाव घेऊन लिहिलाय. पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर वर्षापर्यंत.

डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी नंबर असेल तर माल 'अन्न' म्हणून विकला गेलाय, औषध म्हणून नाही. तो नंबर म्हणजे औषधाची मंजुरी नव्हे, हे फार लोकांना माहीत नाही. असुरक्षित अन्नानं मृत्यू झाला तर अन्न सुरक्षा कायदा, २००६ चं कलम ६५ किमान ५ लाखांची भरपाई सांगतं, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत.

आणखी एक फोन सगळ्यांनी करावा, दावा करायचा असो वा नसो: १८००-१८०-३०२४. औषधाचा दुष्परिणाम कळवायचा हा राष्ट्रीय नंबर, फुकट आहे, रुग्णालाही करता येतो. फार्गोच्या त्या बाईंनी आपलं निरीक्षण स्वतःपाशीच ठेवलं असतं तर त्या २४ जणी एकत्र कधी दिसल्याच नसत्या.

संध्याकाळी काकू मुलीला घेऊन परत आल्या. डॉक्टरांनी ईसीजी काढला होता, बीपी वाढलेलं होतं, लातूरला टूडी इको करून घ्यायला सांगितलं होतं. केसपेपरवर त्यांनी "लेबल अपूर्ण असलेल्या वजनाच्या कॅप्सूल घेतल्याचा इतिहास" असं लिहिलं होतं. ही ओळ फार मोलाची, ती डॉक्टरांना आवर्जून लिहायला सांगा. उरलेल्या कॅप्सूल मोजल्या, २६ भरल्या. डबा तसाच एका पिशवीत घालून तोंड चिकटवलं आणि त्यावर तारीख टाकून दोघींच्या सह्या घेतल्या.

बिल नव्हतं. पैसे रोख दिलेले. मी म्हणालो, मग डबा कधी घेतला ते सांगायला काही आहे का? काकू विचारात पडल्या. पोरगीच म्हणाली, "आई, तू कॅलेंडरवर लिहितीस की सगळं." दुसऱ्या दिवशी काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून आणलं. दुधाचे खाडे, गॅसची तारीख, बचत गटाचा हप्ता, आणि दोन महिन्यांमागच्या एका गुरुवारच्या चौकोनात बारीक अक्षरात: "पोरीचा डबा ३५००, शेजारच्या वहिनी." मी त्या पानाच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि मूळ पान फाडू नका, कॅलेंडर अख्खंच जपून ठेवा, असं त्यांना सांगितलं.